दिवसाला किती मैल

१९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडच्या पूर्व भागातील ब्रंडल या गावातून एक कोरी करकरीत शिडाची बोट दक्षिण किनाऱ्यावरील टिनमथ बंदराकडे निघाली. प्रवास तीन दिवसांचा आहे, असे मालकाने धरले होते. लागले तेरा दिवस. इंग्लिश खाडीत वारा समोरून येऊ लागला की ही बोट पुढे सरकेनाशी होई. या कुशीवरून त्या कुशीवर वळत, नागमोडी चालीने तासन् तास शीड हाकावे आणि शेवटी किनाऱ्याकडे पाहावे, तर सकाळचेच दीपगृह समोर उभे! बोटीचे नाव 'टिनमथ इलेक्ट्रॉन'. मालक डोनाल्ड क्रोहर्स्ट, वय ३६, व्यवसायाने विद्युत-अभियंता. जन्म आपल्याकडचा, गाझियाबादचा. वडील इथे रेल्वेत होते आणि देश स्वतंत्र झाल्यावर कुटुंब इंग्लंडला परतले. बोट टिनमथला पोचल्यावर सोळाच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, याच बोटीतून हा माणूस एकटा, कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठी निघाला. 'संडे टाइम्स'ने जाहीर केलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत निघण्याची ती अखेरची तारीख होती.

तीन आणि तेरा हे दोन आकडे आमच्या मनात गेली काही वर्षे घर करून आहेत. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, कोकणातल्या किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात. बोटीशी आमचा संबंध तरीवरून पलीकडे जाण्यापुरता. पण प्रवासवर्णन शिकवताना संदर्भ म्हणून निकोलस टॉमलिन आणि रॉन हॉल यांचे क्रोहर्स्टवरचे १९७० सालचे पुस्तक हाती आले, आणि वर्गात त्याच्याविषयी आम्ही इतक्या वेळा बोललो की ते ऐकलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे आम्हाला एका विलक्षण कामाला जुंपले. त्या कामाविषयीच लिहायचे आहे.

आधी बोटीविषयी थोडे. आपल्या किनाऱ्यावर लहान होडीला एका बाजूने दोन वाकड्या दांड्यांच्या टोकाशी एक लाकडी ओंडका बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. होडी एका अंगाला कलू लागली की उलांडी तिला सावरून धरते. अशी उलांडी दोन्ही बाजूंना लावा, तिला ओंडक्याऐवजी पोकळ, निमुळत्या होडीचे रूप द्या, की झाली ट्रायमरान. या कुळातला 'कॅटामरान' हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला, कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. मूळ कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. जुळ्या तळांच्या बोटीशी त्याचा काही संबंध नव्हता. शब्द प्रवासात काय काय होऊन बसतात, हा आमचा जुना छंद. असो.

एका तळाच्या जड बोटीला वेगाची एक मर्यादा असते. पाणी कापताना ती स्वतःच एक लाट उठवते आणि वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढत जाते. लाट बोटीएवढी लांब झाली की बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. या मर्यादेचा ठोकताळा सोपा आहे. पाण्याला टेकणाऱ्या भागाची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे, त्याला १.३४ ने गुणावे. येईल तो वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला इतके सागरी मैल. ट्रायमरानचे तळ सुरीसारखे अरुंद असल्यामुळे ते फारशी लाट उठवत नाहीत आणि ही मर्यादा ओलांडून जाऊ शकतात. बोट आडवी होऊ नये म्हणून एका तळाच्या बोटीला पोटाशी शिशाचे किंवा लोखंडाचे ओझे बाळगावे लागते, तेही इथे नाही. उलांड्याच तिला तोलून धरतात. म्हणून ती हलकी, आणि हलकी म्हणून वेगवान. ही मांडणी खरी आहे. २०१७ साली फ्रान्सच्या फ्रान्सुआ गाबारने तीस मीटर लांबीच्या ट्रायमरानमधून ४२ दिवस १६ तासांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

पण या मांडणीला एक 'जर' चिकटलेला आहे: बोट हलकी असेल तर. साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या आर्थर पायव्हर यांनी प्लायवूडच्या ट्रायमरानचे आराखडे लोकप्रिय केले. हौशी माणसाने घरामागे बांधावी अशी ही बोट होती. क्रोहर्स्टची बोट त्यांच्याच चाळीस फुटी 'व्हिक्ट्रेस' आराखड्यावरून, त्यात मनाप्रमाणे फेरफार करून बांधून घेतलेली. अशा बोटीत माणूस राहू लागला की तिचे घर होते. पाण्याच्या टाक्या, इंजिन, बॅटऱ्या, पुस्तके, हत्यारे, डबे हे सगळे येत राहते आणि उलांड्या पाण्यात खोल खोल बसतात. मग अरुंद तळांचा फायदा उरत नाही. उलट तीन तळांचे घर्षण मात्र पदरी पडते.

आमचा तो विद्यार्थी आता न्यूझीलंडमध्ये असतो. तीन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला एका बोटीचे छायाचित्र आणि विक्रीचे पत्रक पाठवले. अडतीस फुटांची ट्रायमरान, १९७८ साली एका गृहस्थाने स्वतःच्या आवारात बांधलेली. आराखडा दुसऱ्याचा, पण केबिन उंच केलेली, डोलकाठी थोडी आखूड केलेली, मागे झोपायची जागा वाढवलेली. पत्रकात लिहिले होते, की बोट सहज दहा नॉटने जाते आणि अठराला पोचलेली आहे. पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन टोंगाला जाऊन यावे, असे त्याच्या मनात होते. एका बाजूचे अंतर सुमारे १,०८० सागरी मैल आणि रजा तीन आठवड्यांची. दहा नॉट म्हणजे दिवसाला २४० मैल, म्हणजे साडेचार दिवसांत टोंगा. जायचे, दहा दिवस राहायचे, यायचे. "सर, मॅडम, हे खरं वाटतं का तुम्हाला?" एवढेच त्याने विचारले होते.

आमच्यासारख्यांना हे विचारण्याचे कारण दुसऱ्या दिवशी कळले. मूळ बांधणाऱ्याच्या तीन वह्या बोटीतच होत्या. त्यांतल्या १९८६ सालच्या फिजीच्या प्रवासाच्या पानांची छायाचित्रे आली. हस्तलिखित कसे वाचावे हे तुम्हीच शिकवलेत, तर आता वाचा, असा त्याचा सूर होता.

मग आम्ही ती वही पोथीसारखी वाचली. कोणती नोंद प्रसंगी केलेली आहे आणि कोणती मागाहून, हे शाईवरून आणि अक्षराच्या वळणावरून बरेचसे ओळखता येते. समुद्र खवळला की अक्षर मोडते, शांत झाला की सावरते. 'अठरा नॉट' ही नोंद सापडली. ती एकदाच होती, पेन्सिलने, दोनदा अधोरेखित केलेली, पुढे उद्गारचिन्ह. लाटेच्या उतारावरून घसरताना काही क्षण काटा तिथे गेला असणार. वेगाच्या इतर नोंदी पाहिल्या, तर त्यांतल्या बहुतेक पाच, आठ, दहा अशा गोळाबेरीज आकड्यांत होत्या आणि बऱ्याचशा बोट उत्तम चाललेली असतानाच घेतलेल्या. वारा पडला असता वेग लिहून ठेवावासा कोणाला वाटेल? ही खोटेपणाची गोष्ट नाही. आपल्यापैकी कोणीही आपला वेग असाच लक्षात ठेवतो.

पण त्या वहीत एक नोंद अशी होती की जिच्यात उत्साहाला शिरकाव नव्हता. रोज दुपारी बारा वाजता त्याने आपले अक्षांश-रेखांश लिहिले होते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, एवढे कळल्यावर आणि रेखांशाच्या मिनिटाला किती कापायचे हे त्रिकोणमितीच्या तक्त्यात पाहिल्यावर, आजच्या दुपारपासून उद्याच्या दुपारपर्यंत बोट खरोखर किती सरकली हे काढता येते. आमच्यापैकी एकीने शाळेत गणिताला कधी घाबरून दाखवले नव्हते, ते इथे कामी आले. दहा दिवसांत १,०७० मैल; सरासरी १०७. सर्वांत चांगला दिवस १५२, सर्वांत वाईट ३८. म्हणजे सरासरी वेग साडेचार नॉटच्या आतबाहेर. आणि ही बोट तेव्हा आठ वर्षांची होती, शिडे नवी होती, बांधणारा स्वतः सुकाणूवर होता.

तरीही आम्ही दुसऱ्या बाजूने पडताळा पाहिला. बहुतळी बोटींसाठी एक गुणांक वापरतात. शिडाच्या चौरस फुटांचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याला पौंडांतल्या वजनाच्या घनमुळाने भागावे. उत्तर एकच्या आसपास आले तर बोट संसारी, दीडच्या पुढे गेले तर शर्यतीची. पत्रकाप्रमाणे शीड ६४० चौरस फूट आणि वजन ९,००० पौंड, म्हणून गुणांक १.२२. आम्ही त्याला सुचवले, की पाहणीसाठी बोट पाण्याबाहेर काढाल तेव्हा क्रेनवरचा वजनाचा आकडा वाचून घे. तो निघाला १२,५०० पौंड. गुणांक १.०९ वर आला. फरक दिसायला किरकोळ, पण तो वाऱ्याच्या प्रत्येक तासाला लागू होतो. शिवाय डोलकाठी आखूड, म्हणजे मंद वाऱ्यात वर मिळणारा वारा गेला. शिडांचे कापड पंधरा वर्षांचे, ताणून फुगलेले. अशा शिडाने वाऱ्याच्या तोंडाशी जाता येत नाही. इंजिनाचा पंखा न मिटणारा, तो सतत पाणी ओढत राहणार. वाऱ्याच्या रेषेशी साठ अंशांचा कोन करूनच ती पुढे जाऊ शकत असेल, तर समोरच्या वाऱ्यात शंभर मैल जाण्यासाठी दोनशे मैल चालावे लागेल. इथे क्रोहर्स्टचे तेरा दिवस पुन्हा समोर उभे राहतात.

आम्ही त्याला लिहिले, दहा दिवस धर. नऊ लागले तर नशीब, बारा लागले तर नवल नाही. आणि पाणी अठरा दिवसांचे घे. म्हणजे तीन आठवड्यांच्या रजेत टोंगा होत नाही. दक्षिण प्रशांतातला चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो, तो टाळायचा तर रजा मागे-पुढे ढकलण्यालाही वाव कमी. त्याचे उत्तर चार दिवस आले नाही. मग आले, "मॅडम, तुम्ही मला बोट घेऊ नको म्हणताय का?" तसे आम्ही म्हटले नव्हते. पण आकडा हा आकडाच राहत नाही, हे त्या चार दिवसांत आम्हालाही समजले. त्याने घरी साडेचार दिवस सांगून ठेवले होते. मुलीने शाळेत सांगितले होते.

मराठीत या बाबतीत शब्दांची मोठी श्रीमंती आहे. अंदाज, अदमास, आडाखा, ठोकताळा, कयास, सुमार. कोणी 'सुमारे' म्हटले की ऐकणाऱ्याने दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडायची असते, हा बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांमधला जुना करार. अर्जात, करारपत्रात, तक्त्यात मात्र 'सुमारे'ला रकाना नसतो. आम्हा अध्यापकांना जूनमध्ये वर्षाचे अध्यापन-नियोजन लिहून द्यावे लागते आणि दैनंदिनीत रोजचा पाठ. पावसाने बुडालेले आठवडे, निवडणुकीच्या कामाला गेलेले दिवस, महोत्सव यांतून जे खरोखर शिकवून होते ते आणि नियोजनात होते ते, या दोहोंमध्ये मार्चच्या सुमारास जे अंतर पडलेले असते ते कोणत्या रकान्यात लिहायचे, याचे उत्तर आम्हाला अनेक वर्षांत कोणी दिलेले नाही. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या कामाला गुणांक लावले, तेव्हा तर प्रत्येकाने आपापले मैल मोजायला सुरुवात केली. ते किती समुद्रात आणि किती वहीत, यावर स्टाफरूममध्ये फारसे बोलणे होत नाही.

क्रोहर्स्टजवळ त्याचा खरा आकडा निघण्यापूर्वीच आलेला होता. तेरा दिवस ही त्याच्या बोटीची त्या वाऱ्यातली सर्वांत प्रामाणिक चाचणी होती. पण तोवर त्याचे घर आणि व्यवसाय दोन्ही या मोहिमेसाठी तारण पडले होते, वर्तमानपत्रांतून बातम्या येऊन गेल्या होत्या, बोटीला गावाचे नाव देऊन झाले होते. ज्या तीन दिवसांच्या हिशेबावर बोट उभी राहिली, तो मागे घेण्याची मुभा त्याला कोणीच ठेवली नव्हती. त्याने स्वतःही नाही. समुद्रात गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्याचा वेग योजलेल्या वेगाच्या निम्माही नव्हता. तळात पाणी येत होते आणि ते उपसण्याच्या पंपाची नळी किनाऱ्यावरच राहून गेली होती. १५ नोव्हेंबरला त्याने वहीत बोटीतल्या सगळ्या उणिवा एकेक करून मांडल्या आणि तगण्याची शक्यता फार तर निम्मी असल्याचा हिशेब केला. त्या प्रवासातले त्याचे हे लिखाण आम्हाला सर्वांत निर्मळ वाटते. ते त्याने कोणाला पाठवले नाही.

डिसेंबरात त्याच्या तारांमधले मैल वाढू लागले. एका दिवसात २४३ मैल कापल्याचे त्याने कळवले. एकट्या माणसाने केलेला हा विक्रम ठरावा, अशी बातमी झाली. सर फ्रान्सिस चिचेस्टर यांच्यासारख्या जाणत्याने शंका घेतली, पण बातमी पुढे गेली होती. आता त्याच्यापाशी दोन हिशेब होते, एक बोट जिथे होती तिथला आणि एक जिथे असायला हवी होती तिथला. खोटे स्थान रचणे हे खरे स्थान काढण्याहून अवघड काम आहे, कारण त्या ठिकाणाहून सूर्य किती अंशांवर दिसला असता हे उलटे गणित करून काढावे लागते. हा माणूस ते करू शकत होता. बुद्धीची त्याच्यापाशी कमतरता नव्हती. महिनोन्महिने तो दक्षिण अटलांटिकमध्येच फिरत राहिला, आणि मार्च १९६९ मध्ये फुटका तळ दुरुस्त करण्यासाठी नियम मोडून अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालाही लागून आला.

याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' होती. ती आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. मुंबईच्या सुतारांनी तासणीने आणि हाताच्या गिरमिटाने घडवलेली ही बत्तीस फुटी बोट १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. तिची पाण्याला टेकणारी लांबी २८ फूट, म्हणजे वरच्या ठोकताळ्याने वेगाची मर्यादा सात नॉटच्या थोडी वर. १४ जून १९६८ ला फालमथहून निघून ती २२ एप्रिल १९६९ ला परतली, ३१२ दिवसांत सुमारे ३०,००० मैल. सरासरी चार नॉट, दिवसाला शहाण्णव मैल. मर्यादेच्या जेमतेम सत्तावन्न टक्के, आणि हे जगातल्या एका थोर दर्यावर्दीच्या हातून. शर्यत पुरी करणारी ती एकमेव बोट ठरली. ट्रायमरानच्या मानाने तिला बैलगाडीच म्हणावे लागेल, पण तिच्याकडून कोणी बैलगाडीहून अधिक मागितले नव्हते.

या साऱ्या कथेत ज्याच्यासाठी आमचा जीव सर्वाधिक तुटतो तो क्रोहर्स्ट नव्हे. नायजेल टेटली हा ब्रिटिश नौदलातला अधिकारी. त्याची बोट 'व्हिक्ट्रेस' ही त्याच पायव्हर आराखड्याची, त्याचे आणि पत्नीचे राहते घर. आपली बोट काय सोसते हे त्याला माहीत होते. या जुन्या प्लायवूडच्या ट्रायमरानमधून त्याने दक्षिण महासागर पार केला, मार्च १९६९ मध्ये केप हॉर्नला वळसा घातला आणि अटलांटिकमधून तो घराकडे निघाला. तळ ढिले झाले होते. सांभाळून आणले तर ती पोचली असती. सर्वांत कमी दिवसांत येणाऱ्यास पाच हजार पौंडांचे बक्षीस होते, आणि मागून क्रोहर्स्ट झपाट्याने येत असल्याची खबर त्याला मिळत होती. नसलेल्या मैलांच्या धास्तीने टेटलीने बोट ताणली. मे महिन्यात अझोर्स बेटांजवळच्या वादळात डाव्या उलांडीचे नाक तुटले आणि त्या तुकड्याने मधला तळ फोडला. घर सुमारे अकराशे मैलांवर राहिले होते. तो तराफ्यात उतरला आणि वाचला, 'व्हिक्ट्रेस' बुडाली.

टेटली बाद झाल्यावर ते बक्षीस क्रोहर्स्टकडेच येणार होते, आणि विजेत्याच्या वह्या तपासल्या जाणार होत्या. त्याची शेवटची नोंद १ जुलैची आहे. १० जुलैला 'पिकार्डी' या टपालजहाजाला ती बोट अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. वह्या टेबलावर नीट ठेवलेल्या होत्या. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्याला मिळालेले पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या पत्नीला आणि चार मुलांना दिले.

आमच्या विद्यार्थ्याने ती बोट घेतली, पत्रकातल्या किमतीहून बऱ्याच कमी पैशांत. फिजीच्या वहीतले आमचे दहा आकडे त्याने विक्रेत्यापुढे ठेवले होते. टोंगा त्याने तूर्त बाजूला ठेवले आहे. मुलीला मात्र त्याने दुपारी बाराची नोंद करायला शिकवले आहे, आणि ती वहीची छायाचित्रे आम्हाला पाठवत असते. अक्षर आईसारखे आहे, आकडे देवनागरीत. परवाची नोंद: २६ तास, १२४ मैल, मागून वारा, रात्री पाऊस. पुढच्या शनिवारी ते बोट वाऱ्याच्या तोंडावर नेऊन पाहणार आहेत.